पहिला खड्डा घरचा

सुभद्राबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या जेसीबीच्या बकेटखाली मांडी घालून बसल्या होत्या आणि शांतपणे मिसरी लावत होत्या. बकेट त्यांच्या डोक्यावर अधांतरी. वर केबिनमध्ये सलीम नावाचा ऑपरेटर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेला, कारण चुकून कुठल्या दांड्याला धक्का लागला तर काय होईल या विचारानं त्याला घाम फुटला होता. मी नुकताच एसटीतून उतरलो होतो. हातातली पिशवी कधी खाली पडली ते मला कळलं नाही. 

"नवीन हायेस का?" त्यांनीच विचारलं.

मी मान हलवली.

"मंग तिकडं सावलीत थांब. इथं येळ लागन."

हसनाबादला नळयोजनेचं काम चालू होतं. रस्त्याच्या कडेनं लांबच लांब चर खोदायचा, त्यात पाइप टाकायचा आणि चर बुजवायचा. ठेकेदारानं मला सामान सांभाळायला ठेवलं होतं. पाइप, सांधे, डिझेल, टिकाव, फावडी माझ्या ताब्यात. सुभद्राबाई खोदाईच्या टोळीच्या मुकादम. धावड्याच्या. टोळीत त्यांच्याच गावची आणि आसपासची नवरा-बायकोची जोडपी. कुठं मशिन लावायचं आणि कुठं हातानं खोदायचं हे ठरवणं खरं तर ठेकेदाराचं काम, पण ते बाईंनी स्वतःकडं कधी घेतलं हे ठेकेदारालाही सांगता आलं नसतं.

"बाई, उठा ना," वरून सलीम काकुळतीला आला होता. "खाली बिलकुल काही न्हाई. ठेकेदार माझी नौकरी खाईन."

"खाऊ दे, दुसरी लागन. तू आधी खाली ये, च्या पी. आमचे हातानं खड्डा मारतेत, मंग तू अन् तुझी मशिन."

'आमचे' म्हणजे त्यांचा नवरा, नामदेव. हडकुळा, उंच, कमी बोलणारा. तो टिकाव घेऊन आला आणि बाई बसल्या होत्या तिथंच त्यानं खड्डा घ्यायला सुरुवात केली. दुपार सरत आली तरी तो आपला खाली जातोय. मी सावलीत बसून वाट पाहत होतो. म्हटलं, आता मोठी वायर निघणार, सगळ्यांचे डोळे पांढरे होणार आणि बाई जिंकणार. तसलं काही झालं नाही. काळी माती निघाली, तिच्याखाली काळी मातीच निघाली आणि तिच्याखालीही तीच.

ठेकेदार फोनवर एवढा ओरडला की मी फोन कानापासून लांब धरला. मग त्यानं फोन बाईंना द्यायला सांगितला. त्याचं सगळं बोलून होईपर्यंत त्या गप्प राहिल्या. नंतर म्हणाल्या, "न्हाई निघालं काही. मंग चांगलंच झालं की. तुमाला काय निघाया पायजे होतं?" एवढं बोलून त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला आणि सलीमला हात केला. मशिन सुरू झालं.

ही बाई वेडी असावी असं मला त्या दिवशी वाटलं. पुढं बरेच दिवस वाटत राहिलं.

दिसायला त्या आडव्या, ठेंगण्या. लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा, त्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. आवाज असा की चराच्या या टोकाला त्या कुणावर चिडल्या की त्या टोकाची माणसं उगीचच कामाला लागत. विनय वगैरे गोष्टी त्यांच्याकडं नव्हत्या. "माझ्यासारखी मुकादम अख्ख्या भोकरदन तालुक्यात न्हाई," हे त्या स्वतःच सांगत, आणि ऐकणाऱ्यानं लगेच मान डोलावली नाही तर पुन्हा सांगत. मी स्टोअर सांभाळतो म्हणून मला त्यांनी 'इस्टोर' असं नाव ठेवलं. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही याची शंकाच आहे. "ए इस्टोर, खुरपी काढ. टिकाव न्हाई, खुरपी," अशी हाक आली की समजायचं, चरात काहीतरी संशयाचं लागलंय.

दुसऱ्याला काही देताना त्यांचा हात आखडत नसे, मग ती वस्तू स्वतःची असो की माझ्या ताब्यातली. उरलेला पाइपचा तुकडा कुण्या म्हातारीला मोरीसाठी, फुटका सांधा कुणाच्या जनावरांच्या हौदासाठी. मी कुरकुर केली की म्हणत, "तुझ्या बापाचं हाय का? ठेकेदाराचं हाय. मंग द्याया तुझ्या पोटात कामून दुखून राह्यलं?" ज्या गावात काम झालं त्या गावात त्यांना पुन्हा जेवायला बोलावणारं घर हमखास असे.

कुठल्याही गावात नवीन गल्ली धरली की त्या आधी गल्लीतल्या बायकांकडं जात. जमिनीखालून काय काय गेलंय हे शोधायची त्यांची ही रीत. आम्ही बाकीचे पारावर बसलेल्या माणसांना विचारत असू. माणसं ऐटीत सांगत, जागेवरून न उठता काठी लांब करून दाखवत, "तिकडून गेलीया वायर, त्या लिंबाखालून." बाईंना हे पटत नसे. "गड्याला इचारलं त तो हात लांब करतो," त्या म्हणत. "बाईला इचारलं त ती तिथं येऊन पाय ठिवते."

आणि बायकांना तरी त्या वायर विचारत का? नाही. त्या घरात शिरत, चहा घेत, चहात साखर कमी आहे म्हणून नावं ठेवत आणि मग विचारत, "तुमचा ओटा कव्हा फुटला होता ग?" की झालं. कोणता ओटा, कुणी फोडला, पुन्हा बांधून दिला का, नाही दिला तर सासरा कुणाशी भांडला, त्या भांडणात जाऊ कशी मुद्दाम घरात बसून राहिली, सगळं निघे. त्या सगळ्यात कधीतरी एक बाई उंबऱ्याबाहेर येऊन पाय ठेवी, "हे बघा, इथून असं तिरपं खोदलं होतं. माझी तुळस हलवली होती." सुभद्राबाई तिथं चुन्याची रेघ ओढत. एकदा अशा चौकशीतून दोन जावांचं जुनं भांडण नव्यानं पेटलं आणि आम्हाला दुपारपर्यंत गल्लीत टिकाव मारता आला नाही. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्या मधोमध बसून दोघींचं ऐकत होत्या, आणि रेघ मात्र बरोबर ओढून झाली होती.

दुसरी त्यांची शिकवण मातीची. आमच्याकडची माती काळी, चिकट, खाली खोलवर तशीच. बाई टोळीला सांगत, "काळ्या रानात वाळू कुठून आली? वाळू काय आपल्या पायानं येती का? कोनी तरी आनली. आनली त कशापायी आनली?" जमिनीत जाड वायर टाकतात तेव्हा तिच्यावर वाळू पसरतात, वाळूवर विटांची ओळ लावतात आणि मग वरून माती लोटतात. पुढं कधी कुणी खोदत आला तर त्याच्या टिकावाला आधी वीट लागावी, म्हणजे तो थांबेल, एवढ्यासाठी. म्हणून बाईंच्या टोळीत एक नियम होता. वीट लागली की हातातलं हत्यार जिथल्या तिथं सोडायचं आणि दोन्ही हात वर करायचे. हसू येई ते बघून. पोलिसांनी पकडल्यासारखा एखादा गडी चरात हात वर करून उभा, आणि बाई धावत येताहेत.

जाफराबादच्या रस्त्याला एकदा अशीच विटांची ओळ लागली. आम्ही खुरप्यानं काम करतोय तोवर गावात बोभाटा झाला की गुप्तधन सापडलं. अर्ध्या तासात गर्दी जमली. एकानं लिंबू आणलं, एकानं हळद. एक गृहस्थ तर पोतंच घेऊन आले होते. बाईंनी पोतंवाल्याला जवळ बोलावलं, चराच्या तोंडाशी उभं केलं आणि म्हणाल्या, "घाला हात. तुमचंच धन हाय. आत लाइट चालू हाय फकस्त." गृहस्थ जे गेले ते पोतं विसरून गेले. ते पोतं बाईंनी पुढं कितीतरी दिवस बसायला घेतलं.

पण त्यांचा एक नियम मला सोसत नव्हता. कुठल्याही नवीन जागी पहिला खड्डा नामदेवच घेणार. चाचपणीचा खड्डा. तो नीट झाला, खाली काय आहे ते दिसलं, मगच बाकीची टोळी उतरणार. एकदा नामदेवला सडकून ताप होता. डोळे लाल, पाय लटपटत होते. टोळीतला सगळ्यात वयस्कर गडी विठ्ठल, तो पुढं आला. म्हणाला, "बाई, आज मी उतरतो. नामदेवला पडू द्या."

"न्हाई," बाई म्हणाल्या. "आमचेच उतरतीन."

आणि त्यांनी तापानं फणफणलेल्या माणसाच्या हातात टिकाव दिला. मी पाहतच राहिलो. नवरा म्हणजे काय बैल आहे? मला त्या क्षणी त्या बाईचा इतका राग आला की मी तोंडावर बोललो. म्हटलं, "बाई, माणूस मरेल तुमचा."

त्या माझ्याकडं वळल्या. ओरडतील असं वाटलं होतं, पण आवाज एकदम खाली आला. "इस्टोर, ही सगळी मानसं माझ्या शब्दावर खाली उतरतेत. उद्या माझा शब्द खोटा निघाला अन् इठ्ठल गेला, त त्याच्या बायकूसमोर मी कोन्या तोंडानं उभी राहू? जायचंच असन त पयलं माझं कुंकू जाईन. दुसरीचं न्हाई."

 खड्ड्यातून नामदेवचा आवाज आला, "पानी द्या कोनी तरी." बाईंनी तांब्या घेतला, खड्ड्याच्या काठावर पालथ्या पडल्या आणि स्वतःच्या हातानं त्याला पाणी पाजलं. पाजता पाजता मात्र, खड्ड्याची कड सरळ नाही म्हणून त्याला शिव्या देत होत्या.

नामदेवचं खोदणं बघण्यासारखं होतं. टिकाव तो कधी डोक्यावरून मारायचा नाही, कमरेइतकाच उचलायचा. माती एका बाजूला, खडे दुसऱ्या बाजूला. काही वेगळं लागलं की टिकाव बाजूला ठेवून हातानं चाचपायचा. त्याला कामाचा वेग नव्हता, आणि त्यावरून बाई त्याला सगळ्यांदेखत बोलत. पण टोळीतल्या दुसऱ्या कुणी त्याला मंद म्हटलं तर त्या दिवशी त्या माणसाच्या वाटणीला चहा येत नसे.

त्यानंतरची गोष्ट जाफराबाद तालुक्यातल्या एका लहान गावातली. गावाचं नाव सांगत नाही. तिथं एका गल्लीत आम्हाला पाइप आडवा न्यायचा होता. बाई त्या गावी आधी येऊन गेल्या होत्या. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका ठेकेदाराकडं असताना, त्यांच्या तेव्हाच्या टोळीनं त्याच गल्लीत जुना पाइप टाकला होता. गल्लीच्या तोंडाशी गयाबाई नावाची म्हातारी राहत होती. तिनं बाईंना लांबूनच ओळखलं आणि मायेनं कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. सगळ्या टोळीला चहा झाला. साखर भरपूर होती, बाई खूश.

त्या गल्लीखालून एक जाड वायर गेली होती. गावाच्या विहिरीवरच्या मोटारीला वीज नेणारी. ती आहे हे बाईंना पक्कं आठवत होतं, मागच्या वेळी त्यांनी ती स्वतः उघडी करून पाइप तिच्याखालून काढला होता. नेमकी कोणत्या हातावर, ते मात्र आठवेना. मधल्या काळात गल्ली सिमेंटची झाली होती, ओटे पुढं सरकले होते. गावच्या वायरमनला लाइन बंद करायला सांगितलं तर तो म्हणाला, गावाचं पाणी भरणं चालू आहे, आधी वायर कुठं आहे ते दाखवा, मग बंद करतो. यात वावगं असं काही वाटलं नाही. सगळीकडं असंच चालायचं. विटेपर्यंत खोदायचं, वीट लागली की लाइन बंद करून घ्यायची, मग पुढं.

सिमेंट फोडून झालं. नामदेव खड्ड्यात उतरला. बाई काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "वायर हाय ह्या गल्लीत. पन तिच्यावर वाळू हाय, इटा हायेत. ईट लागंस्तोर बेफिकीर मारा."

मी समोरच्या ओट्यावर सांध्यांची पोती सोडवत होतो. टिकावाचे ठोके एका लयीत ऐकू येत होते. मग एक आवाज झाला. स्फोटासारखा म्हणू की फटाक्यासारखा, मला आजही सांगता येत नाही. खड्ड्यातून निळा-पांढरा लोळ वर आला आणि गेला. मागं उरला धूर, आणि जळाल्याचा वास. तो वास कशाचा आहे हे मला समजलं तेव्हा हातातलं पोतं तसंच टाकून मी उठलो.

विठ्ठल खड्ड्याकडं धावला. आणि मी जे पाहिलं त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. सुभद्राबाईंनी विठ्ठलचा सदरा मागून धरला आणि त्याला ओढून जमिनीवर आपटलं. "कोनी उतरायचं न्हाई," त्या ओरडल्या. "लाइन बंद करा आधी. वायरमन, पळ. कोनी उतरायचं न्हाई." टोळीतल्या माणसांना त्यांनी दोन्ही हात पसरून मागं रेटलं. खाली त्यांचा नवरा खड्ड्याच्या भिंतीला टेकून वाकडा पडला होता, कण्हत होता, आणि ही बाई त्याच्याकडं पाठ करून आम्हाला अडवत उभी होती. वायरमन रोहित्राकडं पळाला. तो तिकडून हात हलवीपर्यंत किती वेळ गेला मला माहीत नाही. मी त्या वेळात बाईंच्या तोंडाकडं पाहू शकलो नाही. मला त्यांची भीती वाटत होती.

लाइन बंद झाल्यावर सगळ्यांच्या आधी त्याच खाली उतरल्या.

नामदेव जिवंत होता. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, भुवया गेलेल्या, चेहरा काळवंडलेला, डोळे मिटलेले. टिकावाचं पोलादी टोक मेणासारखं वितळलं होतं. लाकडी दांडा होता म्हणून माणूस राहिला, असं नंतर डॉक्टर म्हणाले. कुणीतरी जाफराबादच्या वाटेवरची वडाप जीप अडवून आणली. नामदेवला तिच्यात आडवं केलं. आणि बाई कुठं आहेत म्हणून पाहतो तर त्या अजून खड्ड्यातच. गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी माती उपसत होत्या. काळी माती, नुसती काळी माती.

"ईट कुठंय?" त्या म्हणत होत्या. "एक तरी ईट पायजे होती. वाळू कुठंय?"

मी त्यांना वर घ्यायला हात दिला. तेवढ्यात गयाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली.  बाईंचा प्रश्न तिनं ऐकला आणि अगदी भाबडेपणानं, जणू हरवलेली वस्तू सापडावी म्हणून सांगतेय तशी म्हणाली, "अगं सुभद्रे, इटा तूच न्हाई का मला दिल्त्या? मागच्या टायमाला. न्हानीला लावल्या की मी. वाळू बी तूच टाकून दिल्ती दारात."

घराच्या बाजूला तिची आंघोळीची न्हाणी होती. विटांची, नीट बांधलेली, वरून पांढऱ्या चुन्यानं रंगवलेली. बाईंनी तिकडं पाहिलं. मीही पाहिलं.  मागच्या वेळी वायर सापडली, टोळी थांबली, लाइन बंद झाली, पाइप खालून गेला, सगळं अगदी बरोबर झालं. आणि चर बुजवताना बाजूला काढलेल्या विटा म्हातारीनं मागितल्या, बाईंनी देऊन टाकल्या. देताना माणूस चांगलं काम केल्याच्या आनंदात असतो, तशाच त्याही असणार. वायरीवर उरली फक्त काळी माती.

बाई माझा हात धरून वर आल्या. म्हातारीच्या हातातला तांब्या घेऊन जीपमध्ये बसल्या आणि जीप गेली.

न्हाणीची गोष्ट आम्हा तिघांनाच ठाऊक होती. बाहेर वेगळीच कुजबुज सुरू झाली. ठेकेदार म्हणाला, मजुरानं वीट बघितली नाही, टिकाव मारत गेला. टोळीलाही ते सोयीचं होतं, आणि त्यात कुणाची वाईट बुद्धी नव्हती. कारण नियम खरा असेल तर चूक नामदेवची, आणि नामदेवची चूक नसेल तर नियम खोटा. नियम खोटा म्हटलं की उद्या चरात उतरणार कशाच्या भरवशावर? दोन-तीन जण माझ्यासमोरच म्हणाले, "गडी हुकला. म्हातारा झालाय. ध्यान न्हवतं." ज्या माणसानं उभ्या आयुष्यात टिकाव डोक्यावर उचलला नाही त्याच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं. मी ओठ आवळून गप्प राहिलो. सांगायचं तर बाईंनी सांगायचं, हे माझं ठरलं होतं. आणि त्या सांगतील असं मला खरंच वाटत नव्हतं. सांगितलं तर 'माझ्यासारखी मुकादम न्हाई' म्हणणाऱ्या बाईकडं उरणार काय?

माझी बदली दुसऱ्या कामावर झाली. जाण्याआधी मी जालन्याच्या दवाखान्यात गेलो. बाईंना मी पाहिलं ते तिथं शेवटचं. भेटायची वेळ होती, टोळीतले बरेचसे आले होते, खाटेभोवती अवघडून उभे होते. नामदेवचे दोन्ही हात पट्ट्यांत, उशीवर ठेवलेले. डोळे सुजून बंद. बाई पायाशी उभ्या होत्या. अंगात तो सदरा नव्हता. त्याच्याविना त्या मला एकदम लहान वाटल्या.

विठ्ठलनं घसा साफ केला. "नामदेव, राग मानू नको. पन खरं सांग. ईट लागल्ती का न्हाई? आमाला बी सोमवारी खाली उतरायचंय."

नामदेवचे ओठ हलले. "म्या बराबर बघत होतो," तो म्हणाला. "मला तरी लागली न्हाई. पन लागली असंन. म्याच हुकवली असंन. बाई म्हनल्या होत्या, इटा हायेत म्हून."

"न्हवत्या," बाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडं वळले.

"ईट न्हवतीच तिथं. मी देऊन टाकल्या होत्या. गयाबाईच्या न्हानीला. वाळू बी दिली. आपला जीव वाचला अन् मागून येनाऱ्यासाठी काहीच ठिवलं न्हाई मी." त्या थांबल्या. आवाज सपाट होता, एरवीचा दणका त्यात कुठंच नव्हता. "अन् तिथंच न्हाई. जिथं जिथं निघाल्या तिथं तिथं वाटल्या. कोनाच्या चुलीला, कोनाच्या ओट्याला. कोनत्या गावात, कोनत्या गल्लीत, आता मला सांगता येत न्हाई. म्हून सोमवारपून माझ्या शब्दावर कोनी उतरू नका. ईट असो का नसो, लाइन बंद झाल्याबिगर टिकाव उचलू नका."

 विठ्ठलच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मला दिसला. आम्ही गेलो ती सगळी गावं त्याच्या डोळ्यांसमोरून जात असावीत. माझ्या तर जात होतीच. त्या सगळ्या गल्ल्यांखाली उघड्या वायरी, आणि वर कुणीतरी कधीतरी बेफिकीर टिकाव उचलणार. मी खाटेचा गज घट्ट धरला.

बाई नामदेवकडं बघत होत्या. तो ओरडेल, शिवी देईल, तोंड फिरवील, कशालाही त्या तयार होत्या.

"म्हंजे," नामदेव हळू म्हणाला, "म्या हुकवली न्हाई?"

"न्हाई. तुमी बराबर होते."

"ईट आलीच न्हवती?"

"न्हवतीच."

त्यानं एक लांब श्वास सोडला. त्याचे खांदे सैल पडले. "बरं झालं," तो म्हणाला. "झोप लागत न्हवती मला. वाटायचं, एवढी वरसं केलं, अन् शेवटाला ईट दिसली न्हाई."

बरं झालं, असं म्हणाला तो. त्या हातांनिशी. मला रडू आवरेना, मी भिंतीकडं तोंड केलं. टोळीतले एकेक करत बाहेर सरकले.

"आता जरा नाक खाजव," माझ्या मागं नामदेवचा आवाज आला. "कव्हाचं खाजून राह्यलं. कोनाला सांगावं कळंना."

मी वळून पाहिलं. बाई खाटेवर त्याच्या शेजारी वाकल्या होत्या. चेहरा पाण्यानं भिजलेला, तो पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी एक बोट अलगद त्याच्या नाकावर ठेवलं.

"इथं का?"

"न्हाई. जरा वर."

सुभद्राबाईंनी बोट जरा वर नेलं.